आधी पुरावा, मग पावती

डोळ्याचा काळा भाग जिथे संपतो आणि पांढरा भाग जिथे सुरू होतो, तिथे एक-दीड मिलिमीटर रुंदीची गोल कड असते. आरशात ती जेमतेम धूसर रेघेसारखी दिसते आणि डोळा धड असेपर्यंत तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. बुबुळावरची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, सतत नव्या पेशी घडवणाऱ्या ज्या मूलपेशींच्या जोरावर आयुष्यभर स्वच्छ राहते, त्या या कडेत राहतात. कॉर्नियाचा सर्वांत वरचा थर सतत झिजत असतो आणि साधारणपणे आठवड्या-दहा दिवसांत तो पुरता नवा होतो. झिजलेल्या पेशींची जागा घेणाऱ्या पेशी या कडेतून मध्याकडे सरकत येतात. डोळ्यात ओला चुना, कॉस्टिक सोडा किंवा अ‍ॅसिड गेले आणि ही कड जळाली, की हा पुरवठा बंद पडतो. मग शेजारच्या पांढऱ्या भागावरचा पातळ पडदा आपल्या रक्तवाहिन्यांसह काचेवर चढू लागतो, काच दुधाळ होते, डोळा लाल राहतो, उजेड सोसवत नाही आणि दिसणे हळूहळू सावल्यांपुरते उरते. अशा अपघातात पहिल्या क्षणापासून निदान पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहिले, तर पुष्कळ काही वाचू शकते. रुग्णालय गाठण्याच्या घाईत तेवढेच राहून जाते, याची हळहळ वाटते.

कड पुरती नष्ट झालेल्या डोळ्याला नेत्रदानातून आलेला कॉर्निया बसवून भागत नाही. नेत्रशल्यविशारद एडुआर्ड झिर्म यांनी ७ डिसेंबर १९०५ रोजी आजच्या चेक प्रजासत्ताकातील ऑलोमौत्स येथे जगातले पहिले यशस्वी कॉर्निया प्रत्यारोपण केले, त्यांचा रुग्ण चुन्यानेच भाजलेला मजूर होता आणि त्याच्या दोन डोळ्यांपैकी एकात ते टिकले. पुढच्या दशकांत शल्यविशारदांच्या ध्यानात आले, की ज्या डोळ्यात मूलपेशी उरलेल्याच नाहीत, त्यात नवी काच काही काळ स्वच्छ राहते; पण तिच्यावरचा थर झिजला की तो भरून काढणारे कुणी नसते आणि तीही पांढरी पडते. तिथे गरज असते ती काचेला सतत नवा थर पुरवणाऱ्या पेशींची.

ही गरज प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींनी भागवता येईल, हे १९९७ मध्ये इटलीत ग्राझिएला पेलेग्रिनी आणि मिकेले दे लुका यांच्या गटाने दाखवले. एक डोळा भाजलेल्या दोन रुग्णांच्या चांगल्या डोळ्याच्या कडेतून एक-दोन चौरस मिलिमीटरचा कण काढून त्यातील पेशी त्यांनी बशीत वाढवल्या आणि तयार झालेला पातळ थर जळालेल्या डोळ्यावर बसवला. २०१० मध्ये याच उपचाराचा ११२ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ७७ टक्के डोळ्यांत पारदर्शक आणि स्वतःला नवे करत राहणारा थर टिकून राहिला होता. मात्र त्या अहवालातील दुसरी एक आकडेवारी मला अधिक महत्त्वाची वाटते. बशीतल्या पेशींपैकी तीन टक्क्यांहून अधिक पेशींत खऱ्या मूलपेशींची खूण ठळक दिसत होती, तेव्हा यशाचे प्रमाण ७८ टक्के होते. हे प्रमाण तीन टक्के किंवा त्याहून कमी होते, तेव्हा यश केवळ ११ टक्क्यांवर आले. दोन्ही बश्या वरवर पाहता सारख्याच भरलेल्या असू शकतात. बशीत पेशी वाढल्या एवढ्यावरून काहीच ठरत नाही. त्यांत मूलपेशी किती आहेत हे मोजावे लागते, आणि मोजणारी माणसे व ती शिस्त नसेल तर रुग्णाच्या डोळ्यावर जे ठेवले जाईल ते चार आठवड्यांत गळून पडणारे अस्तरही असू शकते.

मूलपेशी हा शब्द आता जाहिरातींत, बातम्यांत आणि आप्तांच्या सल्ल्यांत इतक्या सैलपणे वापरला जातो, की ऐकणाऱ्याला ते एकच औषध वाटू लागते. म्हणून माझे म्हणणे सुरुवातीलाच स्पष्ट मांडतो. डोळ्यावरच्या ज्या मूलपेशी उपचाराचा उपयोग नियंत्रित चाचण्यांतून सिद्ध झालेला नाही, त्यासाठी रुग्णाकडून एक पैसाही घेण्यास कायद्याने बंदी असली पाहिजे. आणि ज्याचा उपयोग सिद्ध झाला आहे, तो सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेने आपल्या खर्चाने गरजूंपर्यंत पोचवला पाहिजे. ही दोन्ही कामे आज होताना दिसत नाहीत. सिद्ध उपचार महाग आणि दुर्मीळ राहतो, असिद्ध उपचार मात्र जाहिरात करून विकला जातो.

डोळ्याच्या पुढच्या आणि मागच्या भागांत जो फरक आहे, तो समजल्याशिवाय ही सीमा नीट आखता येत नाही. कॉर्निया बाहेर आहे. तिथे काय झाले ते डॉक्टरला सूक्ष्मदर्शकातून रोज पाहता येते, बिघडले तर काढता येते, आणि तिथल्या थराला पारदर्शक राहून झीज भरून काढण्यापलीकडे फारसे गुंतागुंतीचे काम नसते. डोळ्याच्या तळाशी असलेल्या दृष्टिपटलाचे तसे नाही. तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशी आहेत, त्यांच्या खाली त्यांना पोसणारा रंगद्रव्याचा एकपेशीय थर आहे, वर मज्जापेशींचे जाळे आहे आणि त्यातून निघालेले सुमारे दहा लाख तंतू मेंदूकडे जातात. वार्धक्यात दृष्टिपटलाचा मध्यबिंदू झिजतो त्या विकारात मुख्यतः पोसणारा थर बिघडतो, आणि तो थर प्रयोगशाळेत बनवून बसवण्याच्या चाचण्या आशादायक आहेत. लंडनमध्ये भ्रूणाच्या मूलपेशींपासून तयार केलेला असा तुकडा दोन रुग्णांच्या दृष्टिपटलाखाली बसवला गेला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणे वर्षभरात त्यांना तपासणीच्या फलकावरील अनुक्रमे २९ आणि २१ अक्षरे अधिक वाचता आली. पण ते दोन रुग्ण होते. काचबिंदूने मेलेल्या तंतूंच्या जागी नवे तंतू मेंदूतील योग्य ठिकाणी नेऊन जोडणारा उपचार तर आज कुणाकडेच नाही. तरीही या तिन्ही अवस्थांसाठी एकच शब्द वापरून एकच आशा विकता येते.

अशी विक्री झाली म्हणजे काय होते, हे अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या तीन स्त्रियांच्या प्रकरणातून जगापुढे आले. २०१७ मध्ये त्यांच्यावर पुढे उपचार करणाऱ्या नेत्रतज्ज्ञांनी ते वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले. तिघींचे वय ७२ ते ८८ वर्षांचे होते आणि तिघींच्या दृष्टिपटलाचा मध्यबिंदू झिजत चालला होता. एका दवाखान्यात त्यांच्या पोटावरची चरबी काढून त्यातून वेगळ्या केलेल्या पेशी दोन्ही डोळ्यांत, एकाच दिवशी, सुईने टोचल्या गेल्या. प्रत्येकीकडून पाच हजार डॉलर घेतले गेले. हा उपक्रम सरकारी चाचणी-नोंदवहीत नोंदलेला असल्यामुळे आपण संशोधनात भाग घेत आहोत, असा त्यांच्यापैकी काहींचा समज होता. टोचण्यापूर्वी त्यांची नजर वेगवेगळ्या डोळ्यांत २०/३० पासून २०/२०० पर्यंत होती (२०/२० म्हणजे सामान्य नजर; दुसरा आकडा जितका मोठा, तितकी नजर अधू), म्हणजे काही डोळ्यांनी छापील मजकूरही वाचता येण्याजोगा होता. नंतर दृष्टिपटले सुटली, रक्तस्राव झाला, आणि वर्षभरानंतर त्यांतील सर्वांत बऱ्या डोळ्याची नजर २०/२०० होती, तर सर्वांत वाईट डोळ्याला उजेडही कळत नव्हता.

या प्रकरणातली एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा वाचली. प्रामाणिक चाचणीत नवा उपचार आधी एकाच डोळ्यावर करतात, आणि तोही दोघांतल्या अधिक अधू डोळ्यावर. काही बिघडले तर उरलेला डोळा माणसाला घरात वावरू देईल, हा त्यामागचा विचार आहे. नेत्रविद्यार्थ्यालाही ठाऊक असलेली ही खबरदारी तिथे घेतली गेली नाही. आणि ज्याने पाच हजार डॉलर भरले आहेत, त्याला एका डोळ्यावर करून सहा महिने वाट पाहा असे सांगणे कुणालाच सोयीचे नसते. पैसे देणाऱ्याला दोन्ही डोळे हवे असतात, घेणाऱ्याला काम उरकायचे असते. शुल्क आले की थांबण्याची मुभा जाते, असे मला वाटते.

यावर नेहमी येणारा आक्षेप मी हलका मानत नाही. ज्याची नजर जातच आहे, जगात कुठेच उपाय नाही असे ज्याला सांगितले गेले आहे, त्याला स्वतःच्या जबाबदारीवर प्रयोग करून घेण्याचा हक्क का नसावा, असे विचारले जाते. या प्रश्नामागे खरी वेदना आहे. रात्री चाचपडत उठणारा, नातवंडाचा चेहरा ओळखता येत नाही म्हणून आवाजाची वाट पाहणारा माणूस आकडेवारी मागत बसत नाही. पण त्या तीन स्त्रियांच्या बाबतीत जायला पुष्कळ काही शिल्लक होते, आणि ते गेले. जवळजवळ आंधळा या शब्दातल्या जवळजवळमध्ये दरवाजाची चौकट, पायरीची कड आणि ताटातली वाटी एवढे जग मावते. शिवाय प्रयोग करून घेण्याचा हक्क मी नाकारतच नाही. चाचणीत सहभागी होणे हाच तो हक्क आहे. माझा विरोध त्या प्रयोगाचे शुल्क घेण्याला आहे. प्रयोग करणाऱ्याला ज्ञान मिळते, पुढे उत्पादन यशस्वी झाले तर नफाही मिळतो. धोका मात्र सगळा रुग्णाचा. मग बिलही त्यानेच का भरावे?

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. पेशी वाढवण्याची निर्जंतुक दालने, प्रत्येक तुकडीची तपासणी आणि वर्षानुवर्षे रुग्णांचा मागोवा यांना फार खर्च येतो; रुग्णांची संख्या कमी असलेल्या विकारांत कंपन्या स्वतःहून एवढा पैसा घालणार नाहीत, आणि शुल्कावर बंदी आली तर संशोधनच आटेल. यात तथ्य आहे. म्हणूनच हा खर्च सार्वजनिक निधीने उचलावा असे मी म्हणतो. अंधत्वाचा खर्च समाज एरवीही सोसतच असतो. फक्त तो कुटुंबातल्या कुणाच्या तरी सुटलेल्या नोकरीत, शाळा सोडलेल्या मुलीत, हात धरून नेणाऱ्या माणसाच्या दिवसांत विखुरलेला असल्यामुळे अंदाजपत्रकात दिसत नाही. आणि शुल्क घेणाऱ्या दवाखान्यांतून ज्ञानाची भर पडते, हे मला पटत नाही. पैसे भरून आलेल्या रुग्णाला आपल्याला बरे वाटते आहे असे वाटावेसे वाटते, न आलेल्याची चौकशी कुणी करत नाही, आणि तुलनेसाठी उपचार न दिलेला गट कधीच नसतो.

जपानने २०१४ पासून पेशी व ऊतींची पुनर्निर्मिती करणाऱ्या उपचारांना शर्तीसह व ठरावीक मुदतीपुरती मान्यता देणारा कायदा लागू केला. सुरक्षितता दिसली आणि उपयोग होईल असे मानण्यास जागा असली, की उत्पादन विक्रीला येऊ शकते आणि कमाल सात वर्षांत उरलेला पुरावा द्यावा लागतो. हेतू चांगला आहे, पण मला ही रचना उलटी वाटते. मुदतीच्या काळात उत्पादकाला पूर्ण किंमत मिळत असेल, तर पुरावा लवकर आणून देण्याची त्याला घाई कशाची? शर्तीची मान्यता द्यायचीच असेल, तर त्या काळात उत्पादनखर्चाएवढीच रक्कम सरकारने द्यावी, उरलेली किंमत निकालानंतर आणि निकालाप्रमाणे ठरावी, आणि रुग्णाच्या खिशाला कुठेच हात लागू नये.

आता सिद्ध झालेल्या उपचारांकडे वळू. इटलीतल्या त्या पद्धतीवर आधारलेल्या होलोक्लार या उत्पादनाला फेब्रुवारी २०१५ मध्ये युरोपीय संघाने शर्तीसह मान्यता दिली. मूलपेशींपासून बनलेले, युरोपात मान्यता मिळालेले ते पहिले औषध. २०१७ मध्ये इंग्लंडच्या आरोग्यसेवेसाठी त्याचे मूल्यमापन झाले तेव्हा त्याची छापील किंमत एका डोळ्यामागे ८० हजार पौंड होती. रासायनिक भाजण्याने डोळे जाणारे लोक बहुतांशी कारखान्यांत, बांधकामांवर आणि सफाईच्या कामावर राबणारे असतात, हे लक्षात घेतले तर ही किंमत कुणासाठी आहे असा प्रश्न पडतो.

याच प्रश्नाला हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये जे उत्तर दिले, ते या संपूर्ण क्षेत्रात मला सर्वांत सुंदर वाटते. त्यांच्या गटाला प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचा दशकभराचा अनुभव होता आणि त्यांनी केलेल्या २०० रुग्णांच्या नोंदीत ७१ टक्के यश आले होते. तरीही त्यांनी प्रयोगशाळाच वगळून पाहिली. चांगल्या डोळ्याच्या कडेतून सुमारे दोन मिलिमीटर लांबी-रुंदीची पट्टी घ्यायची, शस्त्रक्रियेच्या मेजावरच तिचे आठ-दहा बारीक तुकडे करायचे, जळालेल्या डोळ्यावर चढलेला पडदा सोलून काढायचा, त्यावर वारेचा पातळ, स्वच्छ केलेला पापुद्रा अंथरायचा आणि त्या पापुद्र्यावर ते तुकडे मधली जागा मोकळी ठेवून गोलाकार मांडून रक्तातील प्रथिनापासून केलेल्या गोंदाने चिकटवायचे. वरून मऊ काँटॅक्ट लेन्स. मग प्रत्येक तुकड्यातून पेशी चहूकडे पसरतात आणि काही आठवड्यांत शेजारच्या पेशींना जाऊन मिळतात. जे काम बशीत होत होते ते डोळ्यावरच होते, आणि तेही एकाच शस्त्रक्रियेत. २०१६ मध्ये १२५ रुग्णांच्या नोंदीत ७६ टक्के डोळ्यांत हे टिकले होते. हा आकडा कित्येक पटींनी महाग पद्धतीच्या आकड्याच्या अगदी जवळचा आहे.

म्हणून प्रयोगशाळेत वाढवलेली पेशी ही प्रगतीची खूण आणि साधी शस्त्रक्रिया ही गरिबांची सोय, अशी उतरंड मी मानत नाही. एक डोळा धड असलेल्या रुग्णाला साध्या मार्गाने तेवढेच मिळत असेल, तर सार्वजनिक पैसा आधी शल्यविशारदांना तो मार्ग शिकवण्यावर खर्च व्हावा. प्रयोगशाळेने तिथे उतरावे जिथे तिच्याशिवाय निभत नाही. दोन्ही डोळे भाजलेल्यांचे उदाहरण घ्या. त्यांच्याकडे पट्टी घ्यायला चांगला डोळाच नसतो. त्यांच्यासाठी गालाच्या आतील अस्तराच्या पेशी वाढवून बसवण्याचा प्रयोग कोजी निशिदा यांनी केला आणि २००४ मध्ये चार रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले; पुढे ओसाकात त्यांच्याच गटाने जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांच्या पद्धतीने प्रौढ पेशींना भ्रूणातल्यासारख्या मूळ अवस्थेत नेऊन, त्यांपासून कॉर्नियाचा थर तयार केला. २०१९ मध्ये पहिली शस्त्रक्रिया झाली, २०२४ मध्ये चार रुग्णांचा अहवाल आला: चौघांचीही नजर सुधारली, तिघांची वर्षभरानंतरही टिकली. चार ही संख्या आशा धरायला पुरेशी आहे, दरपत्रक छापायला पुरेशी नाही.

दुसरे उदाहरण कॉर्नियाच्या आतल्या थराचे. त्याच्या पेशी काचेतले पाणी सतत बाहेर काढतात आणि माणसाच्या डोळ्यात त्या पुन्हा वाढत नाहीत. क्योटोत शिगेरू किनोशिता यांच्या गटाने नेत्रदानातून मिळालेल्या या पेशी वाढवल्या, एका विशिष्ट औषधासह सुमारे दहा लाख पेशी डोळ्यात टोचल्या आणि त्या जागेवर चिकटाव्यात म्हणून रुग्णाला तीन तास पालथे झोपवले. ११ रुग्णांचा अहवाल २०१८ मध्ये आला, २०२३ मध्ये जपानने मान्यता दिली. काटेकोर अर्थाने या मूलपेशी नव्हेत, पण इथे प्रयोगशाळेचे मोल वादातीत आहे, कारण एका दात्याच्या पेशींतून अनेक डोळ्यांना पुरतील इतक्या पेशी तयार होतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार सुमारे १ कोटी २७ लाख लोक कॉर्नियाच्या प्रतीक्षेत होते आणि दर ७० गरजूंमागे एकच कॉर्निया उपलब्ध होता.

मी ज्या शिस्तीची मागणी करतो आहे, ती कल्पनेतली नाही. ती पाळली गेल्याचे उदाहरण आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये कोबे येथे मासायो ताकाहाशी यांच्या गटाने सत्तरी ओलांडलेल्या एका स्त्रीच्या त्वचेपासून मूळ अवस्थेत नेलेल्या पेशींचा थर बनवून तिच्या एका डोळ्याच्या दृष्टिपटलाखाली बसवला. जगातली ती अशी पहिली शस्त्रक्रिया होती आणि साऱ्या जगाचे लक्ष तिकडे लागले होते. वर्षभराने तिची नजर सुधारलीही नव्हती आणि घटलीही नव्हती, आणि गटाने ते तसेच लिहिले. दुसरा रुग्ण तयार होता, त्याच्याही पेशी वाढवून झाल्या होत्या. त्या पेशींच्या तपासणीत जनुकीय बदल आढळले. त्या बदलांनी अपाय होईलच असे सिद्ध झालेले नव्हते, तरी २०१५ मध्ये काम थांबवले गेले. संशोधनाच्या निधीवर चाललेल्या त्या चाचणीत रुग्णाला परत करायची रक्कम नव्हती की चुकवायचे आश्वासन नव्हते. पेशी डोळ्यात गेल्या नाहीत. २०१७ मध्ये, दात्यांच्या आधीच तपासून साठवलेल्या पेशी घेऊन, पाच रुग्णांवर ते काम पुन्हा सुरू झाले.